अंथऊच्या पंगतीतल्या चौघी

रोज दिवस कलायला लागला की त्रिशला मगदूम मशीन थांबवून दुकानाच्या पायरीवर यायची, उजवा हात लांब करायची आणि समोरच्या घराच्या कौलांवर सूर्य किती बोटं उरलाय ते मोजायची. दुकानात घड्याळ होतं, मोबाइलवर सूर्यास्ताची वेळ मिनिटासकट कळायची, तरी हात लांब केल्याशिवाय तिचं समाधान व्हायचं नाही. समोरच्या जयाबाई ओट्यावर बसून म्हणायच्या, "झालं, आक्कानं सूर्याला सलाम ठोकला. आता दुकान बंद." तीन बोटं उरली की शटर अर्धं खाली यायचं. मग जेवण, ताट-वाटी घासणं आणि पाण्याचा शेवटचा तांब्या. दिवस बुडाल्यावर ती काही खात नसे. निपाणीकडच्या जैन घरांत या उजेडातल्या जेवणाला अंथऊ म्हणतात. त्रिशलानं गाव सोडलं, नवरा सोडला, आणखीही बरंच सोडलं; अंथऊ तेवढा सुटला नाही.

ती मूळची निपाणीजवळच्या बोरगावची. वडील नेमगोंडा तंबाखूचे शेतकरी. घरात निम्मं बोलणं मराठीत, निम्मं कन्नडमध्ये. विसाव्या वर्षी तिला चिकोडीकडच्या एका घरात दिली आणि दिवाळीला माहेरी आलेली ती परत गेली नाही. नवरा चांगला होता, हीच मोठी अडचण होती. वाईट असता तर चार लोकांत सांगायला काही कारण तरी मिळालं असतं. शेवटी 'पोरीला स्वयंपाक येत नाही' असं सासरच्यांनी उठवलं आणि तिनं ते मुकाट्यानं मान्य केलं. तिच्या हातच्या कटाच्या आमटीचं आसपासच्या गावांत नाव होतं, तरी कुणी उलटून विचारलं नाही. लोकांनाही कारण हवं होतं, खरं-खोटं कोण बघतो.

नेमगोंडांनी तिला एकदाच विचारलं, "तुला काय पायजे गं?"

"शिलाई मशीन," ती म्हणाली. खरं उत्तर तिला तेव्हा ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी त्याला तिच्याजवळ शब्द नव्हता.

म्हणून ती बेळगावला, खासबागेत आली. गल्लीत अजून दोन-चार घरांतून मागांची खटखट येते. विणलेल्या साड्या मग फॉल-पिकोला कुठंतरी जाणारच, त्या तिच्याकडं यायला लागल्या. पुढं दुकान, मागं स्वयंपाकघर, वर एक माडी. जयाबाईंनी पहिल्याच महिन्यात तिची सगळी माहिती काढून घेतली, आणि जी मिळाली नाही ती स्वतःच तयार करून गल्लीभर सांगितली. त्यामुळं त्रिशलाला कुणी काही विचारायचं उरलं नाही.

निशा मुतगेकर तिच्या दुकानात आली ती खाकी शर्ट घेऊन. सिटी बसवर नुकतीच कंडक्टर म्हणून लागली होती. उंच, रापलेली, बोलणं सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं. इकडच्या बायका बोलताना 'मी जातो, मी करतो' असंच म्हणतात. निशाच्या तोंडी ते जास्तच शोभायचं.

"डेपोनं दिलाय हा शर्ट," ती म्हणाली. "यात मी आन् आमचा ड्रायव्हर दोघंबी मावतो. जरा माझ्यापुरता करून दे."

माप घेताना त्रिशलाच्या हातातली टेप खाली पडली. निशानं वाकून उचलली, तिच्या हातात दिली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "परत घे. मला घाई न्हाय."

तीन वर्षं ते टिकलं. निशाला एका जागी फार दिवस करमत नाही, हे त्रिशलाच्या हळूहळू लक्षात आलं आणि ते मोडताना भांडणसुद्धा झालं नाही. एका रविवारी निशा अंथऊला आली, पोटभर जेवली, आणि राहिली नाही; आपल्या खोलीवर गेली. पुढच्या रविवारीही तसंच. त्रिशलानं भाकरी वाढायचं थांबवलं नाही, निशानं यायचं थांबवलं नाही. अशी त्यांची रविवारची पंगत सुरू झाली.

मग आली शाल्मली. शाल्मली कालकुंद्रीकर, टिळकवाडीतल्या नोकरदार घरातली, हायस्कुलात इतिहास शिकवणारी. शाळेच्या गॅदरिंगसाठी बारा मावळे शिवायचे होते. अंगरखे शिवून झाले, गॅदरिंग झालं, तरी ती दुकानात येतच राहिली. पुढच्या जूनमध्ये माडीवर राहायला आली. गल्लीच्या लेखी ती भाडेकरू, 'मास्तरीण'. आठ वर्षं ती माडीवर फक्त कपडे वाळत घालायला गेली.

पहिल्याच वर्षी, चातुर्मासाच्या तोंडावर, तिनं आपणहून सांगितलं, "हे चार महिने मी तुझ्यासारखं जेवणार."

"जमायचं न्हाय तुला. कांदा न्हाय, लसूण न्हाय, बटाटा न्हाय."

"चालेल."

"पालेभाजी न्हाय. कोथिंबीर न्हाय. फोडणीत कढीपत्ताबी न्हाय."

कढीपत्ता ऐकल्यावर शाल्मलीनं कढईकडं एकदा बघून घेतलं. मग म्हणाली, "तोही नको." आणि ते तिनं दरवर्षी पाळलं, शाळेच्या सहलीतसुद्धा. असं कुणी आपल्यासाठी करावं, ही गोष्ट त्रिशलानं कधी मागितली नव्हती. ती कढईत नुसती मोहरी-हिंगाची फोडणी टाकायची आणि तिला आपण श्रीमंत आहोत असं वाटायचं.

चौथी स्वराली. सव्वीस वर्षांची, दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासणारी. निशाला ती मोबाइलवरच्या कुठल्याशा अ‍ॅपवर भेटली होती आणि भेटल्यावर कळलं की राहते शेजारच्याच गल्लीत. दोघींचं जमल्यावर निशानं तिला एका रविवारी पंगतीला आणलं. स्वरालीनं आल्या आल्या सगळ्यांकडं बघून विचारलं, "म्हणजे आपण चौघी लेस्बियन?"

त्रिशला भाकरी थापत होती. "ते नाव घेऊ नको बाई. डॉक्टरनं लिहून दिलेल्या गोळीसारखं वाटतंय."

"मग तुम्ही काय म्हणता?"

"आमी काय म्हणत न्हाय. आमी जेवतो."

त्यावर निशा एवढी हसली की जयाबाई खिडकीत आल्या.

रविवारी दुपारी चार वाजल्यापासून चौघी स्वयंपाकघरात असत. निशा बसमधल्या भांडणांच्या नकला करायची, कन्नडमधून एक आणि मराठीतून दुसरी बाई उभी करायची. शाल्मली पेपर तपासत बसायची आणि मुलांची उत्तरं वाचून दाखवायची. स्वराली निशाच्या ताटातलं उचलून खायची. निशाला खरं तर मटणाच्या सुक्क्याशिवाय जेवण जात नसे, लसणाच्या चटणीशिवाय तर तिचा घासच फिरायचा नाही, रविवारचं एवढं एकच जेवण ती बिनलसणाचं जेवायची आणि दर रविवारी म्हणायची, "आज परत दवाखान्यातलं जेवलो." सूर्य बुडायच्या आत भांडी घासून पालथी पडलेली असत. आपण कोण आहोत हे ज्यांच्यापाशी सांगावं लागत नाही अशा तीन बायका त्रिशलाला अर्धं आयुष्य घालवून मिळाल्या होत्या. बोरगावात तिला आई होती, भाऊ गोमटेश होता, त्याची मुलं होती. पण तिथं ती 'स्वयंपाक न येणारी' होती. तिचं खरं घर म्हणजे ती रविवारची पंगत.

गेल्या श्रावणात, एका मंगळवारी, त्रिशला निशाचे दोन ब्लाउज द्यायला तिच्या खोलीवर गेली. आधी सांगितलं नव्हतं. एका गिऱ्हाइकाकडं तिकडंच जायचं होतं. त्या आठवड्यात निशाची ड्युटी सकाळची होती, दुपारी ती घरी असायची. दार उघडंच होतं. निशा आंघोळीला गेली होती, आतून तिचा गाण्याचा आवाज येत होता.

त्रिशला सवयीनं स्वयंपाकघरात गेली आणि सवयीनंच तिनं झाकण उचलून बघितलं. मुगाच्या डाळीची आमटी. वर नुसती मोहरी आणि हिंग. शेजारी कच्च्या केळ्याची भाजी, खोबरं घातलेली. तिला आधी निशाची काळजी वाटली, पोटबिट बिघडलंय की काय. श्रावण पाळणाऱ्यांतली निशा नव्हे; श्रावणात खाटकाकडं रांग नसते म्हणून ती उलट खूष असायची. मग त्रिशलानं आमटीत पळी फिरवली. लसूण नाही. कांदा नाही. कोथिंबीर नाही. कढीपत्त्याचं एक पान नाही.

सगळ्या बेळगावात निशाच्या ओळखीची, असं जेवणारी माणसं दोनच होती. त्यातली एक हातात पळी धरून उभी होती.

निशा टॉवेल गुंडाळून बाहेर आली आणि दारातच थांबली. तिनं आधी त्रिशलाकडं बघितलं, मग उघड्या पातेल्याकडं. बसमध्ये शंभर माणसांना गप्प करणारी बाई टॉवेलची गाठ तेवढी घट्ट करत राहिली.

"मीठ कमी पडलंय," त्रिशला म्हणाली. झाकण ठेवलं, ब्लाउज ओट्यावर ठेवले. "किती वाजता येती ती?"

"आक्का—"

"शाळा सुटल्यावर येत असंल. म्हणजे अंथऊ हितंच." ती चपला घालायला वाकली. "मला म्हणती, शाळेत जादा तास हायत. जेवूनच येतो म्हणती."

"तिनं मला सांगितलंय, तुझ्याशी बोलणार हाय म्हणून. दिवाळीपर्यंत सांगतो म्हणालीय."

"लई बरं," त्रिशला म्हणाली आणि पायऱ्या उतरली. ब्लाउजचे पैसे घ्यायचे राहिले, आणि रिक्षा न करता ती खासबागेपर्यंत चालत आली हेही तिला दुकानाचं कुलूप उघडताना कळलं.

शाल्मली दिवेलागणीला आली. त्रिशलाचं जेवण झालं नव्हतं. आज तिनं पायरीवर येऊन हातच लांब केला नव्हता, त्यामुळं दिवस कधी बुडाला ते समजलं नाही, आणि बुडाल्यावर प्रश्न मिटला.

"जेवलीस?" तिनं विचारलं.

"हो, शाळेतच. डबा मागवला होता."

"केळ्याची भाजी कशी होती? खोबरं जरा जास्तच पडलंतं."

शाल्मलीनं खांद्यावरची पर्स हळूच खुर्चीवर ठेवली. ती खोटं बोलण्यात कधी तयार नव्हती, आणि आता तर तिचे हात कुठं ठेवावेत तेही तिला कळेना. ती उंबऱ्यावरच बसली.

"कधीपासून?"

"शिवजयंतीपासून."

त्रिशलानं मान हलवली. तिला एकच गोष्ट कळत नव्हती आणि तीच तिनं विचारली. "तिच्याकडं जाऊनसुद्धा पाळत होतीस? कढीपत्त्यासकट?"

"हो."

"कशाला?"

शाल्मलीनं उंबऱ्याच्या लाकडावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "ते मला मोडवेना. निशा म्हणाली, घाल की गं लसणाची एक पाकळी, कोण बघतंय. पण घास उतरेना. ते खोटं नव्हतं, त्रिशला. इतक्या वर्षांतलं काहीच खोटं नव्हतं."

"आन् जादा तास?"

"ते खोटं होतं."

त्रिशलाला हसू आलं आणि त्याचाच तिला राग आला. नियम पाळला बाईनं. पाळायचं होतं ते दुसरंच राहिलं.

"मी कुठं कमी पडलो, तेवढं सांग."

"कुठंच नाही." शाल्मली आपल्या तळव्यांकडं बघत होती. "तुझ्याजवळ मी फार शहाणी असते. शाळेतही शहाणी, घरीही शहाणी. तिच्याजवळ मला मूर्खासारखं वागता येतं. परवा आम्ही दोघी उगीचच वडगावपर्यंत गेलो आणि भुईमुगाच्या शेंगा खाऊन परत आलो. काही कारण नव्हतं."

"मला सांगितलं असतंस तर मीबी आलो असतो शेंगा खायला."

"माहितीये," शाल्मली म्हणाली, आणि तेव्हा ती रडली.

आठवड्यानं तिनं आपलं सामान निशाच्या खोलीवर नेलं. जयाबाईंनी ओट्यावरून विचारलं, "मास्तरीण कुठं चालली गं?"

"बदली झाली," त्रिशला म्हणाली.

"हितल्या हितं?"

"हितल्या हितं."

स्वरालीला कुणी सांगावं हा प्रश्नच आला नाही. निशानं स्वतःच सांगून टाकलं, आणि स्वराली त्याच संध्याकाळी दुकानात येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले, आवाज चिरलेला. तिनं हातातलं हेल्मेट काउंटरवर आपटलं. एक गिऱ्हाईक साडीचा फॉल निवडत होतं, ते घाईघाईनं कुठलासा एक रंग घेऊन निघून गेलं.

"आजपासून त्या दोघींचं तोंड बघायचं नाही," स्वराली म्हणाली. "मी बघणार नाही आणि तुम्हीही बघायचं नाही. मला शब्द द्या."

"बस आधी. पाणी पी."

"मला पाणी नकोय. तुम्हाला राग कसा येत नाही आक्का? की तुमच्यात तो क्षमा मागायचा दिवस असतो, म्हणून सोडून देणार?"

"त्या दिवशी मी दूधवाल्याचीबी क्षमा मागतो," त्रिशला म्हणाली. "सगळी सगळ्यांची मागतात. त्यानं दूध घट्ट होत न्हाय."

स्वरालीला हसायचं नव्हतं, पण नाकातून आवाज आला. मग ती स्टुलावर बसली आणि तिथंच बसून राहिली. त्रिशलानं तिला शब्द दिला नाही, नकारही दिला नाही. एक लाल परकर तेवढा संपवून टाकला, कारण हाताला काहीतरी हवं होतं.

त्यानंतरचे रविवार वाईट गेले. पहिल्या रविवारी तिनं हाताच्या सवयीनं चौघींचं पीठ मळलं. भाकऱ्या उरल्या, त्या शेजारच्या म्हशीला गेल्या. स्वराली दोनदा आली. ताटावर बसली, मोबाइलमध्ये बघत राहिली, निशाचं नाव निघालं की उठून गेली. तिसऱ्या वेळी आलीच नाही. निशा आणि शाल्मलीला तोंड दाखवायचं नव्हतं. त्रिशला एकटी जेवायची, आणि तेही लवकर. सूर्य चांगला हातभर वर असताना तिचं ताट घासून झालेलं असायचं. दुकानात कुणाशी चार शब्द बोलावे तर ते काठ-पदराचे. बोरगावातल्या त्या सगळ्या वर्षांत ती अशीच गप्प होती, हे तिला आठवलं. तेव्हा गप्प राहणं अवघड गेलं नव्हतं, कारण दुसरं काही माहीत नव्हतं. आता माहीत होतं.

भाद्रपदात पर्युषण पर्वाचे दहा दिवस आले. तिनं उपास केले, बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, जाऊन बसली, आणि शेवटी क्षमावाणीच्या दिवशी पांढरी साडी नेसून सगळ्यांसमोर हात जोडत फिरली. 'उत्तम क्षमा, उत्तम क्षमा.' ओळखीच्या, बिनओळखीच्या. बोरगावात फोन लावला, आई धोंडूबाई म्हणाली, "मीबी मागतो बाई, काय चुकलं असंल तर," आणि लगेच विचारलं, "जेवतीस न्हवं नीट?" त्या दोघींना मात्र तिनं फोन केला नाही. सगळ्यांना म्हणायचं तेच त्यांनाही म्हणून मोकळं व्हावं, हे तिला पटेना. सगळ्यांचं आणि त्यांचं सारखं नव्हतं.

राग होता. तो जाईल असं ती धरून चालली नव्हती. पण घरी येताना एक गोष्ट तिच्या ध्यानात आली, की शाल्मली आता परत माडीवर यावी असं काही तिला वाटत नव्हतं. ते संपलं होतं, आणि संपताना दुखलं होतं, आणि अजून दुखत होतं. तिला हवी होती ती रविवारची दुपार. निशाच्या नकला, शाल्मलीचे पेपर, स्वरालीचं उष्टं खाणं. नवरा सोडला तेव्हा तिनं घर सोडलं होतं, कारण दोन्ही एकच होतं. आता ते एक नव्हतं. मग दोन्ही का सोडायचं?

दसऱ्याच्या आधी दोऱ्याची रिळं आणायला ती बाजारात निघाली. खासबागेच्या स्टॉपवर बस आली ती गच्च भरून. बायकांना बस फुकट झाल्यापासून दुपारीसुद्धा उभं राहायला जागा नसते. त्रिशला मागच्या दारानं चढली, दांडा पकडला, आणि पुढून ओळखीचा आवाज आला.

"मुंदं होग्री, मुंदं! पुढं सरका की वो. आक्का, ती पिशवी मांडीवर घ्या, तिचं तिकीट फाडू काय?"

पळून जायला वाट नव्हती. निशा माणसांतून वाट काढत, सगळ्यांना शून्याची तिकिटं देत, एकेकीचं कार्ड बघत तिच्यापर्यंत आली. दोघींच्या मध्ये एक गवळण आणि तिची बरणी होती.

"आधार," निशा म्हणाली. नियमच होता, फुकट तिकिटाला ओळख दाखवावी लागते.

त्रिशलानं पर्समधून कार्ड काढलं आणि पुढं धरलं. निशानं त्या फोटोकडं बघितलं, बघतच राहिली. मागून कुणीतरी ओरडलं, "कंडक्टरबाई, आमचा स्टॉप गेला!" तिनं न बघता शिट्टी वाजवली.

"ओळख पटली का?" त्रिशलानं विचारलं.

"पटली." निशानं मशीनमधून तिकीट काढलं, पण हातात दिलं नाही. मग खाली बघत, त्या गर्दीत, कुणाला काही समजणार नाही अशा साध्या आवाजात म्हणाली, "रविवारी यायचं का न्हाय, तेवढं सांग. बाकी काय मागत न्हाय मी. शिव्या घालायच्या असतील तर घाल, मी ताटावर बसून खातो."

गवळण दोघींच्या तोंडांकडं आळीपाळीनं बघायला लागली.

त्रिशलाला त्या क्षणी निशाच्या कॉलरची शिवण दिसली. एका बाजूला उसवली होती आणि कुणीतरी नवशिक्या हातानं, मोठमोठे टाके घालून ती टाचली होती. शाल्मलीला सुई कधीच धरता आली नाही. हे बघून काळजात कळ उठली. कळ ओसरल्यावर मात्र त्रिशलाला एवढंच वाटलं, की असला शर्ट घालून ही बाई गावभर फिरते.

"किती भाकरी करायच्या ते आधी सांगायला लागतं," ती म्हणाली. "ऐन वेळी पीठ मळणार न्हाय मी. आन् तो शर्ट घेऊन ये."

निशानं तिकीट दिलं आणि "रैट!" म्हणून एवढ्या जोरात ओरडली की पुढं झोपलेलं एक पोर रडायला लागलं.

स्वरालीकडं मग त्रिशला स्वतः गेली, दवाखान्याच्या लॅबपाशी. स्वराली नळ्यांवर नावं चिकटवत होती.

"मी त्यांना बोलावलंय," त्रिशलानं सांगितलं. "तुला शब्द दिला न्हवता मी."

"मग मी येणार नाही."

"नको येऊ. तुझं ताट मी मांडतो, तू आली न्हाईस तर म्हशीला घालतो. पण तू यायला पायजे, असं मला वाटतंय. निशा तुझ्याशी वाईट वागली, माझ्याशी त्याच्याहून. पण मला हितं दुसरी माणसं न्हाईत गं. तुला तरी कुठं हायत?"

स्वरालीनं आणखी एका नळीवर नाव चिकटवलं. "मी तिच्याशी बोलणार नाही."

"माझ्याशी बोल."

पहिल्या दोन रविवारी ती खरंच निशाशी बोलली नाही. मीठ हवं असलं तरी त्रिशलामार्फत मागायची. शाल्मली ताटावर खाली मान घालून बसली होती. तिला चातुर्मास संपेपर्यंत आपलंच जेवण पुढं आलं, कढीपत्त्याशिवायचं, आणि त्यावर कुणी काही बोललं नाही. तिसऱ्या रविवारी निशानं नेहमीसारखं म्हटलं, "आज परत दवाखान्यातलं जेवलो," तेव्हा स्वराली ताटातून वर न बघता म्हणाली, "तुझ्यासारखीला दवाखान्यातच ठेवायला पाहिजे." शाल्मलीनं मान वर केली. मग निशा म्हणाली, "ह्ये बघा, बोलली. मराठीतच बोलली." त्यानंतर टोमणे सुरू झाले, आणि टोमणे सुरू झाले म्हणजे पंगत चालू झाली.

सगळं पहिल्यासारखं झालं असं नाही. शाल्मली आणि निशा शेजारी बसत नाहीत, तेवढी लाज त्यांनी ठेवली आहे. त्रिशला कधी मध्येच गप्प होते, आणि मग शाल्मली उठून भांडी घासायला लागते. पण माडीवर आता दुसरं मशीन बसलं आहे, गल्लीतल्या दोन मुली तिथं शिकायला येतात. स्वराली रविवारी दुपारी त्या मशीनवर वेडीवाकडी शिवण घालते आणि ती आपण डिझाइन म्हणून घातली असं सांगते. निशाचे शर्ट परत त्रिशलाच शिवते. गेल्या महिन्यात बोरगावहून गोमटेश शेंगांचं पोतं घेऊन आला होता. चौघींना जेवताना बघून घरी जाऊन आईला म्हणाला, "आक्काचं बरं चाललंय." धोंडूबाईंनी तेच फोनवर त्रिशलाला सांगितलं. "व्हय," ती म्हणाली, "बरं चाललंय." आणि फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की हे आपण आईला पहिल्यांदाच खरं सांगितलं.

परवाचा रविवार साधाच होता. उन्हाळा तापलेला, वांग्याचं भरीत, ताक. स्वराली आणि निशा बाहेर गाडी कशी लावायची यावर वाद घालत होत्या. शाल्मली पर्स घेऊन दारात आली, थोडी थांबली, काही बोलावं की नको अशी. त्रिशला ताकाचं भांडं विसळत होती. तिनं मागं वळून बघितलं आणि म्हणाली, "आज आमच्यात नळाला पाणी आलंय, म्हंजे उद्या तुमच्यात. पिंप भरून ठेवा गं."